बाप नसलेली घरं

स्पेनच्या वायव्येला, लेओन प्रांतात आस्तोर्गा नावाचं लहानसं गाव आहे. १९७४ साली तिथे एका कवीचा पुतळा उभा राहिला. कवीचं नाव लेओपोल्दो पानेरो. बारा वर्षांपूर्वी वारलेला, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत मानमरातब मिळालेला, देव, घर आणि कुटुंब यांवर कविता करणारा. अनावरणाआधी तो पुतळा गुंडाळून, दोऱ्यांनी करकचून बांधून ठेवलेला होता. हाइमे चावार्रीच्या ‘एल देसेंकान्तो’ या माहितीपटात कवी आपल्याला दिसतो तो असा, बांधलेल्या अवस्थेत. नावाचा अर्थ भ्रमनिरास. पुढचा दीड तास त्याची विधवा आणि तीन मुलगे त्याच्याबद्दल बोलतात, आणि त्या बोलण्यातून पुतळ्याचं काही शिल्लक राहत नाही.

सुरुवातीला म्हणे हा एक लघुपट व्हायचा होता. घरच्यांच्या चार आठवणी, थोडं गाव, थोड्या कविता. पण माणसं बोलायला लागली आणि थांबेनात. थोरला हुआन लुईस हा कवी, अंगभर ऐट. मधला लेओपोल्दो मारिया हाही कवी, आणि तिघांत खरी प्रतिभा त्याची. तो तुरुंग आणि मनोरुग्णालयं बघून आलेला. धाकटा मिची काहीच न करता सगळ्यांकडे बघत बसणारा. आणि आई, फेलिसिदाद ब्लांक. साठी ओलांडलेली, अजून देखणी, आवाज असा की ती शिव्या देत असली तरी आपल्याला वाटावं चहाला बोलावतेय.

मुलं सांगतात, बाप दारू प्यायचा, संतापायचा, घरात त्याचा दरारा होता. आई सांगते ते वेगळं. नवऱ्याची लंडनला नोकरी होती त्या काळात परागंदा कवी लुईस सेर्नुदा त्यांच्या घरी यायचा, त्याच्याबरोबर बागेत फिरताना तिला जे वाटलं त्याची ती हळुवार गोष्ट करते. सेर्नुदाची ओढ पुरुषांकडे होती हे सगळ्यांना ठाऊक. तिलाही असणारच. तरी ती सांगते. खरं किती, रचलेलं किती, कळायला मार्ग नाही. आणि मग बराच वेळ ज्याचं फक्त नाव ऐकू येत होतं तो मधला मुलगा एकदाचा पडद्यावर येतो आणि आईच्या तोंडावर सांगतो की तिने त्याला दवाखान्यांत घातलं, त्याला वाचवायच्या नावाखाली त्याचं वाटोळं केलं. ती समोर बसून ऐकते. आपली बाजू मांडते. आवाज चढत नाही.

मी हा सिनेमा आईबरोबर बघितला. आईला इंग्रजी सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी मधे मधे थांबवून सांगत होते. दवाखान्याच्या त्या प्रसंगाला तिने मला गप्प केलं. “सांगू नकोस, कळतंय,” म्हणाली.

सिनेमा आला १९७६ च्या सप्टेंबरमध्ये. फ्रँको मरून दहा महिने झाले होते. साहजिकच लोकांनी मेलेल्या कवीत तो दुसरा मेलेला बाप बघितला. छत्तीस वर्षं देशाच्या छातीवर बसलेला आणि अंथरुणात मेलेला. हा अर्थ लावणं सोपं आहे आणि चुकीचंही नाही. मला मात्र त्या रूपकापेक्षा एक साधी गोष्ट जास्त टोचते. १९७५ च्या मे महिन्यापर्यंत स्पेनमध्ये लग्न झालेल्या बाईला बँकेत खातं उघडायचं तर नवऱ्याची परवानगी लागायची. नोकरी धरायची तरी परवानगी. ती अट कायद्यातून गेली आणि वर्ष-दीड वर्षात एक विधवा सगळ्या देशासमोर पडद्यावर बसून आपल्या नावाजलेल्या नवऱ्याबद्दल बोलली. पुढच्याच वर्षी तिने आत्मचरित्रही छापलं. लेखकांच्या बायकांनी लिहायला घेतलं की काय होतं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही घराघरांत वाद झाले, की बाईंनी हे लिहायला नको होतं. फेलिसिदादच्या वाट्याला तेच आलं, फक्त तिच्या बाबतीत मुलंही बाईंच्या बाजूने नव्हती.

सिनेमाच्या बाहेर वाचलेली एक गोष्ट. १९३६ साली प्रजासत्ताक सरकार आणि फ्रँकोच्या बाजूचं बंडखोर सैन्य यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा याच पानेरोला डावा समजून पकडलं होतं आणि लेओनच्या सान मार्कोस मठात डांबलं होतं. तो मठ तेव्हा तुरुंग होता, आज ते आलिशान हॉटेल आहे. पानेरोच्या आईने थेट फ्रँकोच्या बायकोपर्यंत, कार्मेन पोलोपर्यंत वशिला लावला आणि मुलाला सोडवून आणलं. नंतरचा राजनिष्ठ कवी समजून घ्यायचा तर ती कोठडी आणि तो वशिला विसरून चालणार नाही. बाप गेल्यावर त्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्या मुलांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण घराघरांत असंच असतं, बापाची भीती कुणी मोजत नाही, बापाची वाटणारी भीती मोजतात.

हे इतकं बोलणं तेव्हा केवढं नवं होतं ते कळायला त्याआधी पडद्यावर काय दिसायचं ते आठवावं लागतं. १९४२ साली फ्रँको सरकारने ‘नो-दो’ नावाची समाचारपटांची संस्था काढली. पुढच्या वर्षापासून देशातल्या प्रत्येक थिएटरात मुख्य खेळाच्या आधी तिचा समाचारपट दाखवणं सक्तीचं झालं, आणि बातम्या चित्रित करण्याचा मक्ता तिचा एकटीचा. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रं सुरू असताना बाहेर तंबाखू मळत उभे राहणारे प्रेक्षक ज्यांनी बघितले आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. धरणांची उद्घाटनंसुद्धा दोन्हीकडे सारखीच. पण आपल्याकडे निवडणुका होत होत्या, हा फरक लहान नाही. नो-दोमध्ये कुटुंब दिसायचं ते बक्षीस घ्यायला रांगेत उभं राहिलेलं. सर्वांत जास्त मुलं जन्माला घालणाऱ्या जोडप्यांना सरकार बक्षिसं द्यायचं. आईबाप मध्ये, पोरं उंचीनुसार.

त्याच काळात बासिलिओ मार्तिन पातिनो हा दिग्दर्शक उलट्या बाजूने खणत होता. युद्धानंतरची लोकप्रिय गाणी आणि जुनी दृश्यं एकत्र गुंफून त्याने १९७१ साली एक सिनेमा केला. गाणी तीच, लोकांच्या ओठांवरची, पण खाली भुकेलेल्या माणसांच्या रांगा. तो १९७६ पर्यंत अडकवून ठेवला. मग त्याने परवानगी मागायचंच सोडलं आणि लपूनछपून देशातल्या जल्लादांना गाठलं. ‘केरिदिसिमोस वेर्दुगोस’, म्हणजे परमप्रिय जल्लाद. हा लोकांना दिसला १९७७ साली.

स्पेनमध्ये मृत्युदंड देत तो गारोतेने. गळ्याभोवती लोखंडी पट्टा आणि मागून फिरवायचा स्क्रू. हे काम करणारी तीन माणसं पातिनोसमोर गुत्त्यात बसून वाईन पितात आणि पगाराबद्दल बोलतात. कुणी युद्धानंतर उपासमार होत होती म्हणून ही नोकरी धरली. कुणाला यातलं कसब महत्त्वाचं वाटतं. त्यांपैकी आंतोनिओ लोपेस सिएर्रा यानेच २ मार्च १९७४ रोजी बार्सेलोनाच्या तुरुंगात साल्वादोर पुइग आन्तिक या पंचविशीतल्या अराजकवादी तरुणाचा गळा आवळला. गारोतेचा वापर झालेला तो शेवटचा दिवस. सिनेमा बघताना मला त्या माणसाचा राग येईना, आणि राग येत नाही याचा त्रास होत राहिला. गरीब, अडाणी, दारुडा, चार पैशांसाठी लाचार. ज्यांनी आज्ञापत्रांवर सह्या केल्या त्यांच्यापैकी कुणी गुत्त्यात येऊन बसलं नाही.

स्पॅनिश माहितीपट म्हटलं की खरं तर सुरुवात लुईस बुन्युएल या दिग्दर्शकापासून करायची प्रथा आहे. मी ती मोडली, कारण ‘लास उर्देस’ मला कधी आवडला नाही. १९३३ साली एक्स्त्रेमादुरामधल्या दरिद्री डोंगरी खेड्यांवर केलेला हा अर्ध्या तासाचा सिनेमा थोर आहे असं सगळे म्हणतात. कड्यावरून बकरी पडते तेव्हा चौकटीच्या कडेला बंदुकीचा धूर दिसतो. म्हणजे बकरी पडली नाही, पाडली. ही लबाडी मुद्दाम ठेवलेली आहे, बघणाऱ्याच्या दयाबुद्धीची ती थट्टा आहे, वगैरे मी वाचलं आहे. पटतंही. पण गरिबांच्या पोरांना कॅमेऱ्यासमोर उभं करून केलेली थट्टा मला पचत नाही.

पण त्याच्या निर्मात्याची गोष्ट सांगितली पाहिजे. रामोन आसिन उएस्का गावात चित्रकला शिकवायचा. अराजकवादी, भला माणूस. लॉटरी लागली तर तुझ्या सिनेमाला पैसे देईन, असं तो बुन्युएलला बोलून गेला होता, आणि १९३२ च्या डिसेंबरमध्ये त्याला खरंच लॉटरी लागली. त्याने शब्द पाळला. प्रजासत्ताक सरकारने सिनेमावर बंदी घातली, देशाची बदनामी होते म्हणून. ते सरकार डावं की उजवं याने बदनामीच्या कल्पनेत फरक पडत नाही. युद्ध पेटल्यावर उएस्का बंडखोर सैन्याच्या ताब्यात गेलं. ६ ऑगस्ट १९३६ ला आसिनला गोळ्या घातल्या, २३ ऑगस्टला त्याच्या बायकोला, कोन्चिता मोन्रासला. मागे दोन लहान मुली राहिल्या. बुन्युएलने पुढे कित्येक वर्षांनी सिनेमाचे पैसे त्या मुलींना दिले.

अशा मुली देशभर होत्या. युद्ध १ एप्रिल १९३९ ला संपलं, गोळ्या घालणं संपलं नाही. तिमोतेओ मेंदिएता हा कामगार संघटनेचा गावपातळीवरचा पुढारी. युद्ध संपून सात महिने उलटल्यावर, नोव्हेंबरमध्ये, ग्वादालाखाराच्या दफनभूमीच्या भिंतीशी त्याला मारलं आणि इतरांबरोबर एका खड्ड्यात टाकलं. त्याची मुलगी आसेन्सियोन तेव्हा तेरा वर्षांची होती. आल्मुदेना कार्रासेदो आणि रॉबर्ट बहार यांच्या ‘एल सिलेन्सियो दे ओत्रोस’ (इतरांचं मौन) या २०१८ च्या माहितीपटात ती नव्वदीकडे झुकलेली आहे आणि तिचं मागणं एवढंच आहे की आपण मरू तेव्हा बापाचं निदान एखादं हाड आपल्याबरोबर पुरलं जावं.

यात सरकारला अडचण काय? अडचण १९७७ च्या माफीच्या कायद्याची. फ्रँको गेल्यावर पहिल्या निवडून आलेल्या संसदेने तो केला आणि त्याचा आग्रह डाव्यांनीच धरला होता, कारण त्यांची माणसं तुरुंगात होती. ती सुटली. पण त्याच कायद्यात राजवटीच्या अधिकाऱ्यांनी, पोलिसांनी केलेल्या गुन्ह्यांनाही माफी होती. तेव्हा हे शहाणपणाचं वाटलं. पुन्हा युद्ध नको, जुनं उकरायला नको. मी स्वतः त्या संसदेत असते तर बहुधा हात वरच केला असता. परिणाम असा झाला की २००८ मध्ये न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांनी १,१४,२२६ बेपत्ता लोकांचा आकडा समोर ठेवून तपास सुरू केला तेव्हा तो तपास थांबला आणि शेवटी खटला गार्सोन यांच्यावरच चालला. मग नातेवाईकांनी अर्जेंटिनाच्या न्यायालयात धाव घेतली. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना देशाची सीमा नसते, या तत्त्वावर. आसेन्सियोन २०१३ मध्ये विमानाने ब्युनोस आयरेसला गेली आणि न्यायाधीश मारिया सेर्विनी यांच्यासमोर उभी राहिली. बापाचं हाड मागायला अटलांटिक ओलांडावा लागला.

२०१६ मध्ये खड्डा उघडला. सांगाडे निघाले, त्यांत तिमोतेओ नव्हता. २०१७ मध्ये दुसरा खड्डा. या वेळी डीएनए जुळला. जुलैमध्ये माद्रिदला त्याचं रीतसर दफन झालं, आणि दोन वर्षांनी ती गेली. याच सिनेमात मारिया मार्तिन नावाची दुसरी म्हातारी आहे. तिच्या आईला १९३६ साली मारलं, आणि जिथे पुरलं तिथून आता डांबरी रस्ता जातो. ती काठी टेकत रस्त्याच्या कडेला फुलं ठेवते, बाजूने गाड्या सुसाट जातात. ती चित्रीकरण चालू असतानाच वारली, तिला काही मिळालं नाही.

या सिनेमावर माझा एक आक्षेप आहे. संगीत फार आहे. त्या म्हाताऱ्या एवढं काही सांगतात आणि मागून व्हायोलिन आपल्याला सांगतं की आता रडा. पण हे म्हणताना मला ठाऊक आहे की या सिनेमाचं काम वेगळं आहे. न्यायालयाने जे ऐकून घ्यायचं ते इथे कॅमेरा ऐकून घेतो. साक्ष नोंदवतो. साक्षीला कलेचे निकष लावायचे का, हा प्रश्न मी माझ्यापुरता अजून सोडवलेला नाही.

२४ ऑक्टोबर २०१९ ला स्पेनच्या टीव्हीवर दिवसभर एकच दृश्य होतं. माद्रिदजवळच्या डोंगरात, राजकीय कैद्यांनाही राबवून बांधलेल्या ‘वाये दे लोस काइदोस’ या अवाढव्य स्मारकातून फ्रँकोची शवपेटी बाहेर काढली. तिथे तेहतीस हजारांहून जास्त माणसं पुरलेली आहेत, त्यांत हरलेल्या बाजूचे हजारो, घरच्यांना न विचारता आणून टाकलेले. फ्रँकोची मात्र नातवंडं हजर होती. त्यांनी पेटी खांद्यावर घेतली, हेलिकॉप्टर आलं, आणि त्याला मिंगोरुबिओच्या दफनभूमीत बायकोजवळ ठेवलं. तीच कार्मेन पोलो. मी यूट्यूबवर बघत होते. एका घराला आपला माणूस हेलिकॉप्टरने मिळतो, हे बघून मला आसेन्सियोनचं विमान आठवलं.

विसरण्याची दुसरी तऱ्हा आहे, आणि ती मला जास्त जवळची वाटते. १९७८ ची राज्यघटना ज्या सात जणांनी लिहिली त्यांना स्पेनमध्ये घटनेचे बाप म्हणतात. त्यांतला एक जोर्दी सोले तुरा, कॅटलोनियातल्या बेकरीवाल्याचा मुलगा, कम्युनिस्ट, कायद्याचा प्राध्यापक. साठच्या दशकात तो परागंदा होऊन बुखारेस्टला होता, कम्युनिस्ट पक्षाच्या गुप्त रेडिओवर काम करत. तिथेच त्याला मुलगा झाला, आल्बेर्त. पुढे तोच सोले तुरा मंत्रीही झाला. म्हातारपणी त्याला अल्झायमर जडला. आणि आल्बेर्तने २००८ मध्ये ‘बुकारेस्ट, ला मेमोरिया पेर्दिदा’ (हरवलेली स्मृती) हा माहितीपट केला. ज्या पिढीने ठरवून विसरायचं मान्य केलं तिच्यातला एकजण खरोखरच विसरू लागला. हा योगायोग इतका गुळगुळीत आहे की कादंबरीत घातला असता तर संपादकाने काढायला लावला असता. सिनेमा त्यावर फार रेंगाळत नाही, हे त्याचं मोठेपण. मुलगा गावोगाव फिरून बापाच्या मित्रांना विचारत राहतो, कारण घरी विचारायला उशीर झालेला आहे. सोले तुरा गेला ४ डिसेंबर २००९ ला. घटनादिन सहा तारखेला असतो. दोनच वर्षांत बार्सेलोनाचा ऑलिंपिकच्या वेळचा महापौर पास्क्वाल मारागाल याच्या अल्झायमरवरही माहितीपट आला. तोही चांगला आहे, पण मारागाल स्वतःच इतका मिश्कील की सिनेमाला फार काही करावं लागत नाही.

आणि मग हुलिता. गुस्ताव्हो साल्मेरोन हा नट. तो चौदा वर्षं आपल्या आईला हाताशी असेल त्या कॅमेऱ्याने टिपत होता. २०१७ मध्ये त्याचा सिनेमा झाला, ‘मुचोस इखोस, उन मोनो इ उन कास्तियो’. खूप मुलं, एक माकड आणि एक किल्ला. लहानपणी हुलिताला आयुष्यात या तीन गोष्टी हव्या होत्या आणि तिन्ही मिळाल्या. मुलं सहा. माकड आणलं, ते चावरं निघालं. वारसा मिळाल्यावर किल्ला घेतला, तो मंदीत हातचा गेला. पण खरी भानगड वेगळीच. तिच्या आजीला यादवी युद्धात मारलं होतं, आणि त्या आजीच्या पाठीचा एक मणका घरात पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेला होता. तो हुलिताने कुठेतरी ठेवला आणि आता सापडत नाही. मग सगळं घर, किल्ल्यातून हललेला डोंगराएवढा पसारा, खोके, डबे, बाहुल्या, देवांच्या मूर्ती, कपडे उपसून शोध सुरू होतो.

आईने हा सिनेमा एका बैठकीत संपवला, आणि भाषांतर नको म्हणाली. आमच्या माळ्यावर आजीच्या सासूचे पितळेचे डबे आहेत, त्यांत काय आहे ते कुणाला माहीत नाही आणि टाकायची कुणाची छाती नाही. तेव्हा हुलिता तिला परकी वाटलीच नाही. हुलिता खाते, हसते, स्वतःच्या अंत्यविधीची रंगीत तालीम करते, मुलांना बजावते की आपण मेलो असं वाटलं तर विणायच्या सुईने टोचून खात्री करून घ्या. देश, युद्ध, फ्रँको सगळं त्या गप्पांत येतं, भाजी निवडताना यावं तसं. आपण कुठल्या बाजूचे होतो याबद्दल ती लाजत नाही, मिरवतही नाही.

आसेन्सियोनला एक हाड मिळेना आणि हुलिताकडे एक हाड होतं ते तिने हरवलं. दोन्ही सिनेमे एका वर्षाच्या अंतराने आले आणि दोघांनीही आपापल्या वर्षी गोया हे स्पेनमधलं सिनेमाचं पारितोषिक मिळवलं. मला विचाराल तर स्पेन नावाच्या देशाचा इतिहास कळायला हुलिताचा पसारा जास्त उपयोगी आहे. आसेन्सियोनच्या बाजूचं काय खरं, हे आपल्याला सिनेमा सुरू व्हायच्या आधीच पटलेलं असतं. हुलिताच्या घरात कुणी कुणाला काही पटवायला बसलेलं नाही. तिथे माणूस अन्यायाच्या उजव्या बाजूला जन्मून, सहा पोरं वाढवून, किल्ला घेऊन आणि घालवून, एका खुनाची निशाणी डब्यात ठेवून कसं जगतं ते दिसतं. बहुतेक माणसं अशीच जगतात.

आणि या घरात बाप आहे. पानेरो मेलेला, आसिन आणि मेंदिएता मारलेले, सोले तुरा असून नसलेला. हुलिताचा नवरा आंतोनिओ मात्र जिवंत, धडधाकट, ऐकायला जरा कमी. सगळ्या धांदलीत तो कडेला बसलेला असतो, बायको बोलते, मुलं बोलतात, तो फार कमी बोलतो. सिनेमा संपल्यावर मी आईला विचारलं, कसा वाटला. ती म्हणाली, “छान आहे गं. पण त्या माणसाला पण विचारा की कुणीतरी काहीतरी.”